डाव्या बाजूची दुसरी धमनी

त्या वर्षी दीडशे मुलं माझं पोट रोज उघडून बघत होती आणि त्यातल्या एकालाही ते माझं आहे हे माहीत नव्हतं. मीच कुणाला सांगितलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही. आमच्या भागातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात, शरीररचना विभागात, मी संगणकावर थ्रीडी मॉडेल बनवतो. खऱ्या माणसाचा सीटी स्कॅन घ्यायचा, त्यातली एकेक चकती, म्हणजे आडव्या कापाचं चित्र, बघत यकृत, किडन्या, रक्तवाहिन्या वेगवेगळ्या रंगांनी रंगवत जायचं आणि ते सगळं पडद्यावर उभं करायचं. मग पहिल्या वर्षाची मुलं ते बोटाने फिरवतात, एखादा अवयव लपवून त्याच्यामागे काय आहे ते बघतात. त्याआधी नऊ वर्षं मी चाकणला डाय, म्हणजे साचे, डिझाइन करत होतो. गाडीच्या दाराच्या बिजागऱ्या, सीटखालचे ब्रॅकेट, असला माल. कंपनीने माणसं कमी केली, त्यात मी गेलो. कॉलेजवाल्यांनी मुलाखतीत ‘थ्रीडी येतं का’ एवढंच विचारलं. थ्रीडी येत होतं. माणूस येत नव्हता.

माझा स्वभाव मुळात उतावळा. बसलो की पाय हलतो, उभा राहिलो की किल्ल्या वाजतात. आक्का, म्हणजे माझी मोठी बहीण, म्हणायची, "ह्याला पाळण्यात घातला तर पाळनाच पळून जाईल." चाकणला प्रत्येक पार्टमागे सेकंद मोजून मोजून तो रोग आणखी बळावला. पण त्या वर्षीची अस्वस्थता निव्वळ स्वभावाची नव्हती. माझ्या लॅपटॉपच्या बॅगेत एक फॉर्म होता आणि त्यावर माझी सही व्हायची राहिली होती.

आक्काच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. चिखलीत वाढलेली, सांगवीत दिलेली ही बाई चाकणच्याच एका कंपनीत इन्स्पेक्शनला होती. तिच्या टेबलावरून वाकडा पार्ट कधी पुढे गेला नाही अशी तिची ख्याती. आता आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ती डायलिसिसच्या खुर्चीत पडून असायची. आईला साखर, दाजींचा रक्तगट जुळेना. माझा जुळला. मग रक्त झालं, लघवी झाली, हृदय झालं, आणि शेवटी रक्तवाहिन्यांचा स्कॅन झाला. स्कॅन बघून सर्जन काय म्हणतात ते ऐकायला मी खुर्चीच्या टोकावर बसलो होतो.

"तब्येत उत्तम आहे. फक्त डाव्या किडनीला एकाऐवजी दोन धमन्या आहेत," ते म्हणाले.

सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. वाटलं, सुटलो. मी आपल्या परीने पुढे आलो होतो, आता शरीरच आड आलं, कोण काय बोलणार?

"जोडायला जरा वेळ जास्त लागेल," ते पुढे म्हणाले, "पण अडचण काही नाही. डावीच घेऊ."

ओझं पुन्हा जागेवर येऊन बसलं. त्यांनी किडनी देण्याच्या संमतीचा फॉर्म दिला. बायकोने त्याच आठवड्यात सही केली. "बहीण तुझी, पोट तुझं. मी आड येणार नाही," एवढंच म्हणाली. मी मात्र आज करू, उद्या करू करत राहिलो. भीती कशाची होती? मरणाची म्हणावी तर तसं नाही. मला कापतील आणि मी काही करू न शकता पडून असेन, ह्याची होती. एका जागी पडून राहायचं, ते आधी. आणि पुढे जन्मभर एकच किडनी. चाकणला आम्ही साध्या मोटरलासुद्धा स्टँडबाय ठेवायचो.

कारण तयार होतं. ‘कॉलेजचं मॉडेल एकदा मार्गी लागू दे.’ घरी तेच, दाजींना फोनवर तेच. आणि त्या मॉडेलसाठी कॉलेजला हवं होतं एका निरोगी माणसाचं पोट, रक्तवाहिन्या स्पष्ट दिसणारं. आता निरोगी माणूस उगाच असला स्कॅन कशाला करून घेईल? आजारी पोटांची रांग लागली होती, निरोगी एकही मिळेना. माझ्या कपाटात मात्र माझ्याच स्कॅनची सीडी पडून होती. मी ती आणून दिली. परवानगीचा कागद बंद पाकिटात ऑफिसला गेला, स्कॅनवरचं नाव नियमाप्रमाणे पुसलं, आणि विभागप्रमुख मॅडमना मी सांगितलं, "ओळखीतल्या एकाचा आहे." खोटं नव्हतं. ओळख होतीच.

स्वतःचंच पोट चकती चकतीने रंगवायला बसणं हा काय प्रकार असतो ते सांगून कळायचं नाही. यकृत झालं, प्लीहा झाली, उजवी किडनी आणि तिची एकुलती एक धमनी झाली. मग मी डावीकडे आलो. तिथे महाधमनीतून किडनीकडे जाणारी एक जाड धमनी दिसली आणि तिच्या बरीच खाली, किडनीच्या तळाकडे निघालेली एक बारीक. दहा-बारा चकत्यांत ती दिसायची, मध्ये पुसट व्हायची, पुन्हा उगवायची. मी थांबलो. उठलो, पाणी प्यायलो, खिडकीतून पार्किंग बघितलं, पुन्हा बसलो.

आमच्या धंद्यात एक रीत आहे. गाडीला उजवं दार असतं तसं डावं असतं. त्यामुळे बिजागरी उजवीकडची मन लावून बनवायची, आणि डावीकडची बनवायचीच नाही. मिरर कमांड दिली की डावी आपोआप तयार. नऊ वर्षांत मी शेकडो डाव्या बिजागऱ्या अशाच जन्माला घातल्या. शिवाय पुस्तकातल्या आकृतीत दोन्हीकडे एकेकच धमनी होती, आणि चाकणचा देव म्हणजे ड्रॉइंग. पार्ट ड्रॉइंगशी जुळत नसेल तर चूक पार्टची. मी उजवी धमनी उचलली, मिरर केली, महाधमनीला आणि डाव्या किडनीला टेकवली, टोकं जुळवली. बारीक रेषा रंगवलीच नाही. दिवसाचं काम तासाभरात उरकलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसा तो हाताचा पीळ होता असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण ती रेषा काय आहे हे मला माहीत होतं. सवयीने केलं की ती नजरेआड करायची होती म्हणून केलं, हे मला आजही ठामपणे सांगता येत नाही.

मॉडेल सुरू झालं आणि मुलांनी ते डोक्यावर घेतलं. वर्गात टेबलाएवढा आडवा पडदा होता. भोवती सात-आठ मुलं कोंडाळं करायची आणि बोटांनी मला गरगरा फिरवायची. मी मागे उभा राहून किल्ल्या वाजवायचो. कुणी माझं यकृत लपवायचं, कुणी आतडी काढून बाजूला ठेवायचं. एक पोरगा तर पोट उलटं करून म्हणाला, "ह्याने व्यायाम केलेला दिसत नाही राव." मी बेल्ट वर ओढला.

मॅडम शिकवायला लागल्या की मात्र मला पळून जावंसं वाटायचं. एकदा त्यांनी डाव्या किडनीवर बोट ठेवून ती लपवली. जागा रिकामी झाली. "एक काढली तरी माणूस जगतो," त्या म्हणाल्या. "उरलेली हळूहळू मोठी होते, दोघींचं बरंचसं काम एकटी ओढते. निसर्गाने हात राखून दिलेलं नाही." मुलं वहीत लिहीत होती. मी त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. माझा हात डाव्या कुशीवर गेला होता, तो मी पटकन खिशात घातला.

आक्काकडे जायचो तेव्हा ती खुर्चीत पडलेली असायची, हाताला दोन नळ्या, उशाशी अर्ध्या लिटरची बाटली. दिवसभराचं पाणी एवढंच. बाटलीवर तिने पेनने आडव्या खुणा केल्या होत्या. दहाच्या आत इथवर, दुपारी जेवताना इथवर, संध्याकाळच्या गोळ्यांना उरलेलं. घोट घेतला की बाटली डोळ्यांसमोर धरून बघायची, मापाचं गेज लावल्यासारखी.

"तहान लागली की काय करतेस?" मी एकदा विचारलं.

"लिंबाची फोड चोखते. आन दुसऱ्याचं पानी पिनं बघत न्हाई." ती हसली. "तुजं कॉलेजचं काम कुठवर आलं?"

"होत आलंय."

"हू दे. घाई नको."

फॉर्मबद्दल एक अक्षर नाही. तिने विचारलं असतं तर मी चिडलो असतो, कारणं दिली असती, भांडलो असतो. तिने विचारलंच नाही, त्यामुळे माझं भांडण माझ्याशीच चालू राहिलं. तिथून निघालो की गाडी घराकडे वळायची नाही. मी उगाच दापोडीपर्यंत जायचो, रेल्वे फाटकाशी गाडी लावून दोन लोकल जाऊ द्यायचो आणि परत यायचो. घरी सांगायचो, ट्रॅफिक होतं.

मग तो मंगळवार आला. शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये माझं काही काम नसे. मला तो वास सोसत नाही आणि तिथे मिरर कमांडही नाही. पण मॅडमनी निरोप पाठवला, "इंजिनिअरना बोलवा." मी गेलो. टेबलावर एका देहदात्या आजोबांचा देह होता. मॅडमचा दंडक असा की हॉलमध्ये शिरताना मुलांनी आधी देहाला हात जोडायचे, आणि त्या स्वतः इतक्या वर्षांनंतरही सगळ्यांच्या आधी जोडायच्या. मीही जोडले. टेबलाशी चार मुलं खाली मान घालून उभी होती. त्यातली लातूरकडची एक मुलगी, एरवी मॉडेलवर सगळ्यात पुढे असणारी, रडवेली झाली होती.

मॅडमनी चिमट्याने एक बारीक तुटलेली नळी उचलून दाखवली. एक टोक महाधमनीला, दुसरं किडनीच्या तळाशी, मध्ये काप.

"आजोबांना दोन धमन्या होत्या," त्या म्हणाल्या. "ह्यांनी एक कापून टाकली."

"मॅडम, आम्हाला वाटलं चरबीचा धागा हाय," ती मुलगी म्हणाली. "मॉडेलमध्ये एकच होती की ओ. दहादा फिरवून बघितलं आम्ही. मग ही दुसरी कशाची असेल, म्हणून साफ केली."

साफ केली. मीही तेच केलं होतं.

"पुस्तकात एकच असते, आणि पुष्कळ माणसांत एकच असते," मॅडम मुलांना म्हणाल्या. "पण दोन असणारी माणसं दुर्मीळ नाहीत. आज आजोबा काही बोलले नाहीत. उद्या जिवंत माणसात हा हात चालला तर रक्ताची चिळकांडी बोलेल." मग माझ्याकडे वळल्या. "तुमच्या स्कॅनवाल्याला खरोखर एकच आहे का हो? मला मूळ चकत्या दाखवा."

कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. आम्ही दोघं माझ्या खोलीत गेलो. मी स्कॅन उघडला. पुढे सरकायला नको म्हणून मी उगाच उजेड कमीजास्त करत बसलो, तेव्हा त्यांनी माउस स्वतःकडे घेतला. चकत्या खाली खाली गेल्या आणि ती बारीक पांढरी रेषा आली.

"ही बघा. चांगली ठसठशीत आहे." त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. "ही कुठे गेली?"

"मी मिरर केलं, मॅडम. उजवीकडून डावीकडे. गाडीच्या पार्टला करतो तसं."

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्या मागे टेकल्या आणि चष्मा काढून पुसू लागल्या. "ड्रॉइंग आधी आणि माणूस नंतर, असं नसतं हो इथे. इथे माणूस आधी." मग पडद्याकडे पुन्हा बघून त्यांचा आवाज बदलला. "हा किडनी देणाऱ्याचा स्कॅन आहे, नाही का? एवढ्या निरोगी माणसाच्या वाहिन्या दुसऱ्या कशासाठी बघतील? दोन धमन्या असूनही मागे हटला नसेल. एव्हाना देऊनही झाली असेल. भला माणूस. त्याला माझा नमस्कार सांगा."

मी खुर्चीतून उठलो. दारापर्यंत गेलो, परत आलो. शिव्या दिल्या असत्या तर मी सहज पचवल्या असत्या. हा नमस्कार पचेना.

"मॅडम, तो मी आहे," मी म्हणालो. "आणि दिलेली नाही. चार महिने फॉर्म बॅगेत घेऊन हिंडतोय."

त्यांनी माउस सोडला. मग त्यांनी विचारलं, "कुणाला द्यायची आहे?"

"बहिणीला."

"भीती वाटते?"

"खूप."

"वाटणारच," त्या म्हणाल्या. "मला स्वतःच्या रक्ततपासणीची भीती वाटते. मॉडेल दुरुस्त करायला किती दिवस लागतील?"

"दोन."

"मग दोन दिवसांनी तुमचं इथलं काम संपलं असं मी धरते," एवढं म्हणून त्या उठल्या. कॉलेजच्या कामाचं माझं कारण त्यांनी, मी न सांगताच, असं अलगद काढून घेतलं.

ती दुसरी धमनी मी चकती चकतीने रंगवली. मिरर नाही, घाई नाही. पुसट झाली तिथे थांबून पुन्हा शोधली. चाकणच्या नऊ वर्षांत इतक्या सावकाश मी एकही काम केलं नव्हतं. नंतर वर्गात उभं राहून दीडशे मुलांना सांगितलं की चूक माझी होती, आजोबांची धमनी कापणाऱ्या मुलांची नाही. स्कॅन कुणाचा तेही सांगितलं. व्यायामावर बोललेला पोरगा बाकाखाली शिरायचा बाकी राहिला.

तिथून मी तडक डायलिसिसला गेलो. आक्का खुर्चीत होती, बाटली दुपारच्या खुणेवर. मी फॉर्म काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं बोलून टाकलं. मॉडेलचं, मिररचं, आणि सर्जनसमोर ‘सुटलो’ असं वाटलं होतं तेही. ते सांगताना तिच्याकडे बघवेना, म्हणून मशीनकडे बघून बोललो.

"म्हाईत हाय," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तू भ्यालास त्ये. आरं, मी इन्स्पेक्शनला होते. कोन माल दडवतंय त्ये तोंडावरनं कळतं."

"मग विचारलं का नाहीस? चार महिने?"

"मागून घ्यायची चीज हाय का ती?" तिने फॉर्मवरची सुरकुती तळव्याने सपाट केली. "तू न्हाई म्हनला असतास तरी भाऊच राह्यला असतास. म्हनून गप बसले. पर लई अवघड गेलं रं गप बसनं."

मी रडलो. शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. सही मी दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात, ज्यांच्यासमोर करायची असते त्यांच्यासमोर केली. सही माझ्या नेहमीच्या सहीसारखी आली नाही, पुन्हा करायला लावली.

ऑपरेशनचं फारसं काही आठवत नाही. भीती शेवटपर्यंत गेली नाही, तिला सोबत घेऊनच मी आत गेलो. नंतर सर्जननी सांगितलं, दोन्ही धमन्या नीट जोडल्या, वेळ लागला. आता वर्गात कुणी डावी किडनी लपवली की ते चित्र बरोबर असतं. जी आहे ती उजवी, एकटी, आणि तिची धमनीही एकच.

काही आठवड्यांनी आक्काकडे सांगवीला गेलो. ती तोंडाला मास्क लावून स्वयंपाकघराच्या दारात बसली होती. डॉक्टरांनी आता उलटं सांगितलं होतं, भरपूर पाणी प्यायचं, दिवसाला तीन लिटर. दाजींनी उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या आणून ठेवला. तिने मास्क खाली केला, पेला भरला आणि एका दमात संपवला. दुसरा भरला. मध्येच तिचा हात सवयीने बाजूला पेन शोधत गेला, थांबला आणि परत आला. मग तिने तिसरा पेला भरला. पाणी हनुवटीवरून ओघळलं ते तिने पुसलंही नाही.

"काय रं," पेला खाली ठेवत ती म्हणाली, "आज उठायची घाई न्हाई तुला?"

मी खाली बघितलं. माझा पाय हलत नव्हता.